शहरी रेल्वेचा वाढीव मार्ग: पैसा वसूल की पांढरा हत्ती?

जमाखर्च (धागाकर्ता)

शहरातली रेल्वे आणखी पाच-सात किलोमीटर पुढे न्यायची म्हटलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, खर्चाकडे काय बघता, पुढच्या पन्नास वर्षांचं बघा. दुसरा आकडा ऐकूनच कपाळाला हात लावतो. मला दोघांचाही कंटाळा आलाय, कारण दोघंही एकाच गोष्टीवरून भांडतात: एकूण खर्च.

न्यू यॉर्कचा सेकंड अॅव्हेन्यूचा मार्ग घ्या. बोलणी १९२० च्या सुमारास सुरू झाली. १९७२ मध्ये कुदळ पडली, १९७५ मध्ये शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि काम थांबलं. पहिला टप्पा उघडला तो थेट १ जानेवारी २०१७ ला. नवी स्थानकं तीन, लांबी तीन किलोमीटरला थोडी कमीच, खर्च सुमारे ४४५ कोटी डॉलर. म्हणजे किलोमीटरला दीडशे कोटी डॉलर! बरं, मार्ग ओस पडलाय म्हणावं तर तसंही नाही. गाड्या भरून जातात आणि शेजारच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूच्या मार्गावरचा ताणही हलका झाला.

मार्ग हवा होता का? होता. त्या किमतीला हवा होता का? इथे माझं घोडं अडतं. विस्तार परवडतो की नाही हे कशावरून ठरवायचं, यावर जाणकारांनी लिहावं. पक्ष आणि पुढारी कृपया आणू नका, धागा भरकटेल.

तिरकस

फीत कापणाऱ्याला विचारा की. त्याला आजवर एकही मार्ग महाग पडलेला नाही. पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय, होऊ द्या सुरू.

मेधा

चांगला विषय. सुरुवात अंदाजांपासून करू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा असतो.

बेंट फ्लूबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचे खर्च तपासले. रेल्वे प्रकल्पांचा प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्के जास्त निघाला. २००५ मध्ये त्यांनीच प्रवासीसंख्येचे अंदाज तपासले, तर रेल्वेला मिळालेले प्रवासी सांगितलेल्या संख्येच्या सरासरी निम्मेच होते. आता दोन्ही एकत्र करा. खर्च जवळपास दीडपट, प्रवासी निम्मे, म्हणजे प्रत्येक प्रवाशामागचा खर्च कागदावर दिसतो त्याच्या तिप्पट.

यात सगळीच लबाडी असते असं नाही. थोडा भाबडा आशावाद असतो, आणि थोडं हेही असतं की खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कुठल्याही प्रस्तावाचा आकडा मी आधी तिपटीने वाचते. त्यानंतरही तो बरा दिसला तर पुढे बोलू.

पायी_पायी

मेधाताईंना +१. आणि मूळ प्रश्न असा की रेल्वेच का? रस्त्याच्या मधोमध बससाठी स्वतंत्र मार्गिका द्या, तेवढ्याच पैशात दसपट लांबीचं जाळं होईल. ब्राझीलच्या कुरितिबाने हे १९७४ मध्येच करून दाखवलं. कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही अशीच बससेवा सुरू केली आणि जगभरची शिष्टमंडळं ती बघायला गेली.

शेवटचा_डबा

गेली खरी, पण आज तेच बोगोटा शहर मेट्रो बांधतंय, ते का हेही बघा. ट्रान्समिलेनिओच्या मुख्य मार्गांवर गर्दी इतकी झाली की बसमागे बस लावूनही फलाट रिकामा होईना. बस स्वस्त आणि चांगली, याबद्दल वाद नाही. पण तिचा कळस एका ठरावीक गर्दीपर्यंतच. त्यापुढे प्रत्येक जादा बसला चालक हवा, रस्ता हवा, आणि चौकातला सिग्नल तर कुणाला चुकलेला नाही.

उलट बाजूनेही तेच. जिथे तासाला दोन-चार हजार माणसंच जाणार, तिथे रेल्वे नेणं म्हणजे पैशाची माती. टोरांटोचा शेपर्ड मार्ग बघा. २००२ मध्ये उघडला, साडेपाच किलोमीटर, पाच स्थानकं, खर्च शंभर कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास. मूळ आराखडा पूर्वेकडच्या स्कारबरोपर्यंतचा होता. पैसे संपले म्हणून तो मध्येच तोडला. आता त्याला धड टोक नाही आणि धड जोडही नाही. दुसऱ्या बाजूला कुठे पोचवतच नसेल तर त्यात बसायचं कुणी?

बोगदेकर

खर्च कुठे जातो यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं बोगदा महाग. बोगदा त्यामानाने सरळ आहे. यंत्र दिवसाला दहा-पंधरा मीटर पुढे सरकतं, मागे काँक्रीटच्या कड्या बसत जातात. वर शहराला पत्ताही लागत नाही.

पैसा खातं ते स्थानक. भर वस्तीत रस्ता उघडायचा. उघडण्याआधी खालची जलवाहिनी, मैलावाहिनी, गॅस, वीज, टेलिफोनच्या तारा बाजूला सरकवायच्या. यातली निम्मी कुठून जाते ते कुठल्याही नकाशावर नसतं, खोदल्यावर कळतं. मग वाहतूक चालू राहावी म्हणून खड्ड्यावर तात्पुरता पोलादी रस्ता अंथरायचा. दोन्ही बाजूंच्या इमारतींना मोजणीची उपकरणं लावायची, भिंत काही मिलिमीटर हलली तरी काम थांबतं. एवढं करून खड्डा जितका लांब-रुंद, तितकं हे सगळं वाढत जातं. सेकंड अॅव्हेन्यूला नेमकं तेच झालं. फलाटाला जेवढी जागा लागते त्याच्या कितीतरी पट मोठ्या गुहा खणल्या, फलाटाच्या वर लांबच्या लांब मधला मजला, कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक विभागाला वेगळ्या खोल्या.

आता माद्रिद. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत त्यांनी ५६ किलोमीटरची भर घातली. त्यानंतर दक्षिणेकडच्या उपनगरांना जोडणारा चाळीस किलोमीटरचा, २८ स्थानकांचा मेट्रोसूर २००३ मध्ये उघडला. किलोमीटरचा खर्च न्यू यॉर्कच्या पासंगालाही पुरत नाही. जादू काही नाही. स्थानकं उथळ आणि साधी, सगळीकडे जवळपास एकच नमुना, काम अहोरात्र. आणि मुख्य म्हणजे निर्णय घेणारे अभियंते पदरी होते. कंत्राटदाराच्या पत्राला उत्तर द्यायलाही सल्लागार नेमावा लागला नाही.

तेव्हा "विस्तार परवडतो का" याआधी "कुणी आणि कसा बांधला तर" हे विचारा.

मेधा

बोगदेकर, हे मान्य. पण स्वस्तात बांधलं म्हणून गरजेचं होतं असं ठरत नाही. माद्रिदच्या मध्यभागातल्या मार्गांइतकी गर्दी मेट्रोसूरवर कधीच नसते.

बोगदेकर

नसते. पण स्वस्तात झालेली चूक शहर पचवतं, महागात झालेली चूक पुढच्या तीस वर्षांचे सगळे प्रकल्प खाते. फरक आहे की नाही?

तिरकस

पांढऱ्या हत्तीचा विषय शीर्षकात आहेच, तर एक खरोखरचा किस्सा. सिंगापूरचा ईशान्य मार्ग २००३ मध्ये सुरू झाला. त्यावरचं बुआंगकोक स्थानक बांधून तयार होतं, पण आसपास पुरेशी वस्ती नाही म्हणून कुलूपबंद ठेवलं. गाड्या न थांबता पुढे. शेवटी २००५ मध्ये तिथे मंत्र्यांचा दौरा होता, तेव्हा लोकांनी रस्त्याच्या कडेला पुठ्ठ्याचे पांढरे हत्ती उभे केले! पोलिसांनी चौकशी वगैरे केली. आणि जानेवारी २००६ मध्ये स्थानक उघडलं.

निवेदनं देण्यापेक्षा पुठ्ठा स्वस्त पडतो, एवढं मला कळलं.

बोगदेकर

किस्सा झकास, पण उलटा वाचला तर तो सिंगापूरच्या शहाणपणाचा आहे. चालू मार्गाच्या मध्ये नंतर नवं स्थानक खणणं म्हणजे महाकर्मकठीण. म्हणून त्यांनी ढाचा आधीच बांधला आणि वस्ती येईपर्यंत वाट पाहिली. दिवे, सरकते जिने, माणसं यांचा रोजचा खर्च तेवढा वाचवला. हे डोकं किती ठिकाणी चालवलं जातं?

शेवटचा_डबा

मी नोकरीभर गाड्यांची वेळापत्रकं लावली, त्यामुळे मला वाढीव मार्ग दिसला की पहिला प्रश्न पडतो तो रेकचा, म्हणजे डबे जोडून तयार असलेल्या अख्ख्या गाडीचा. बांधकामाच्या गप्पांत तो हमखास हरवतो.

समजा मार्ग सहा किलोमीटर वाढला. जाऊन-येऊन बारा. थांबे धरून सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर. म्हणजे प्रत्येक गाडीच्या फेरीत वीस मिनिटांची भर. आधी फेरी ८० मिनिटांची होती आणि दर चार मिनिटांनी गाडी होती, तर रेक लागत होते वीस. आता फेरी १०० मिनिटांची, तर लागतील पंचवीस. शिवाय राखीव आणि देखभालीतले धरून आणखी एक-दोन. हे रेक घेतले नाहीत तर काय होतं? त्याच वीस रेकांत गाडी पाच मिनिटांवर जाते. जुन्या मार्गावरच्या माणसाला तासाला पंधरा गाड्या मिळत होत्या, त्या बारा झाल्या. त्याला कुणी विचारलंही नाही. त्याच्या भागात तर काहीच बदललेलं नाही, मग गर्दी का वाढली हे त्याला कळतच नाही.

आणि रेक घेतले तर रात्री उभे कुठे करणार? डेपोत जागा आहे का? नसेल तर नवा डेपो, म्हणजे पुन्हा जमीन.

गर्दीचा दुसरा भाग. नव्या टोकाचे प्रवासी रिकाम्या गाडीत बसतात. गाडी मधल्या स्थानकांवर येईपर्यंत दाराशी उभं राहायलाही जागा नाही. टोरांटोत याँग मार्ग उत्तरेकडे वाढवायचा म्हटल्यावर शहराने हाच आक्षेप घेतला होता. मूळ मार्ग आधीच तुडुंब, तेव्हा आधी समांतर मार्ग बांधा, मग टोक लांबवा. मला तो आक्षेप शंभर टक्के बरोबर वाटतो. भरलेल्या मार्गाला शेपूट लावणं हे सगळ्यात महागडं दुखणं, आणि ते अंदाजपत्रकात कधीच दिसत नाही.

अवनी

सगळे टोकाच्या लोकांवर घसरलाय म्हणून लिहिते. टोकाला राहणारी माणसं तिथे हौसेने जात नाहीत, मध्यभागात घर परवडत नाही म्हणून जातात. त्यांचा दीड तास तासावर आला तर तो फायदा "मिनिटे गुणिले रुपये" असा मोजतात. पण रोज नेमकं किती वाजता पोचणार याची खात्री मिळते, तिचं काय? रात्रपाळीची परिचारिका, चाकाच्या खुर्चीतला प्रवासी, गाडी चालवू न शकणारे म्हातारे, यांच्यासाठी रेल्वे किती मिनिटं वाचवते हा प्रश्नच नाही. ते घराबाहेर पडू शकतात की नाही हा प्रश्न आहे.

तरी एक गोष्ट विस्तारवाल्यांनाही सुनावते. तीन हजार कोटींचं स्थानक बांधायचं आणि त्याचं एकमेव प्रवेशद्वार सहापदरी रस्त्याच्या नको त्या बाजूला काढायचं! पलीकडच्या माणसाने पुलाचे साठ जिने चढायचे, उतरायचे, मग पुन्हा फलाटापर्यंत उतरायचं. पोरगं कडेवर असेल तर तो प्रवासी गेलाच. प्रवासी अंदाजापेक्षा निम्मे येतात त्यातले कितीतरी इथे गळतात. दुसरं दार काढायला लागणारा पैसा एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, आणि कात्री पहिली तिथेच लागते.

जमाखर्च

अवनी, दाराचा मुद्दा सोळा आणे खरा. पण "माणसं घराबाहेर पडू शकतात" याची किंमत मोजायचीच नाही म्हटलं तर कुठलाही प्रकल्प योग्य ठरवता येईल. मोजावी लागेलच, आणि त्या मोजणीत व्याजदराचा खेळ असतो. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांच्या फायद्याची आजची किंमत १० टक्क्यांनी काढली तर पावणेसहा रुपयांच्या आत येते. ब्रिटिश अर्थखात्याच्या साडेतीन टक्क्यांनी काढली तर पस्तीस रुपयांच्या वर जाते. मार्ग तोच, प्रवासी तेच. एका दराने तो पांढरा हत्ती ठरतो, दुसऱ्याने दूरदृष्टी. त्यामुळे कुणी "फायदा-खर्चाचं गुणोत्तर एवढं आलं" असं तोंडावर फेकलं की मी आधी दर विचारतो.

सातबारा

सगळं वाचलं. फायदा होतो की नाही यावर एवढा खल, पण तो होतो कुणाला यावर एकही ओळ नाही, म्हणून माझा प्रतिसाद.

लंडनच्या भुयारी रेल्वेची ज्युबिली मार्गिका १९९९ मध्ये पूर्वेला स्ट्रॅटफर्डपर्यंत गेली. सोळा किलोमीटर, सुमारे ३५० कोटी पौंड, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. त्या मार्गावरच्या कॅनरी वॉर्फ या व्यापारी भागाच्या विकासकाने ४० कोटी पौंडांचा वाटा उचलायचं कबूल केलं होतं, तो १९९२ मध्ये कर्जात बुडाला आणि कामही रखडलं. मार्ग झाल्यावर मात्र स्थानकांच्या आसपासच्या जमिनींचे भाव कुठच्या कुठे गेले. खर्च बहुतांश करदात्याचा, वाढ जमीनमालकाची. म्हणजे मार्ग समाजाला परवडला, सरकारला नाही, आणि ज्याची जमीन होती त्याची चांदी.

हाँगकाँगने हे आधीच ओळखलं. तिथली रेल्वे कंपनी स्थानकावरच्या आणि डेपोवरच्या जागेचे विकासहक्क सरकारकडून मार्गाआधीच्या भावाने घेते आणि रेल्वेमुळे वाढलेल्या भावाचा वाटा खिशात घालते. नंतर लंडननेही धडा घेतला. क्रॉसरेलसाठी, म्हणजे आताच्या एलिझाबेथ मार्गासाठी, २०१० पासून मोठ्या व्यापारी मालमत्तांवर करपात्र मूल्याच्या पौंडामागे दोन पेन्सचा जादा अधिभार लावला.

माझी कसोटी सोपी आहे. मार्गालगतचे जमीनमालक खर्चात काडीचाही वाटा उचलायला तयार नसतील, तर एकतर फायदा फुगवून सांगितलाय किंवा तो फुकटात लाटायचा बेत आहे.

पायी_पायी

सातबारा, पण भाव वाढले की भाडंही वाढतं आणि ज्या गरिबांच्या नावाने मार्ग मंजूर झाला ते आणखी पुढे फेकले जातात. मग पुन्हा विस्ताराची मागणी. हे चक्र थांबणार कुठे?

सातबारा

परवडणारी घरं स्थानकालगत राखून ठेवली तर थांबतं. तेही मार्ग जाहीर होण्याआधी. जाहीर झाल्यावर उपयोग नाही, तोवर व्यवहार होऊन गेलेले असतात.

मेधा

एलिझाबेथ मार्गाचं नाव निघालंच आहे तर सांगते, मला सगळ्यात अडचणीत आणणारं उदाहरण तेच. डिसेंबर २०१८ ला उघडणार होता, उघडला २४ मे २०२२ ला. १,४८० कोटी पौंडांत बसवायचा होता, गेला १,८९० कोटींच्या आसपास. माझ्या नियमाप्रमाणे हे फसलेलं प्रकरण. पण प्रवासी अपेक्षेपेक्षा जास्त आले आणि आता त्याला कुणी हत्ती म्हणत नाही.

बोगदेकर

तो उशीर बोगद्याचा नव्हता. एकाच गाडीला मार्गाच्या वेगवेगळ्या भागांत तीन प्रकारच्या सिग्नल यंत्रणांशी बोलायचं होतं. मधल्या भुयारात एक, जुन्या रुळांवर दुसरी, विमानतळाच्या बाजूला तिसरी. एका यंत्रणेतून दुसरीत जाताना गाडी अडखळता कामा नये, याच्या चाचण्यांनी वर्षं खाल्ली. खड्डा खणून झाला की काम संपत आलं असं पत्रकार परिषदेत सांगतात, तेव्हा मला धडकी भरते.

प्रवासी का आले याचं उत्तर शेवटच्या डब्याने आधीच दिलंय. तो मार्ग पूर्व आणि पश्चिमेच्या जुन्या मार्गांना शहराच्या पोटातून जोडतो. शेपर्डसारखा लोंबकळत नाही.

शेवटचा_डबा

अगदी. दिल्लीचंही तेच. पहिल्या टप्प्यासाठी सुरुवातीच्या अभ्यासात रोजचे तीस लाखांहून जास्त प्रवासी सांगितले होते. टप्पा २००५ च्या अखेरीस पूर्ण झाला तेव्हा त्याच्या पाव हिस्साही नव्हते. तेव्हा हिशेब केला असता तर नापास. पुढे जाळं वाढलं, मार्ग एकमेकांना छेदायला लागले, आणि आकडा रोज साठ लाखांच्या पुढे गेला. एक पुस्ती जोडतो: तिथे आता प्रवासी नव्हे, प्रत्येक मार्गावरच्या प्रवासाच्या फेऱ्या मोजतात. एका माणसाने दोनदा मार्ग बदलला तर तो तीनदा मोजला जातो. तेव्हा जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवताना जरा सांभाळून.

तिरकस

म्हणजे प्रवासी वाढवायचे तर मार्ग बदलायला लावायचं. अंदाज खरे करण्याची ही युक्ती आवडली.

जमाखर्च

:) एक विचारतो. अर्ध्यावर कळलं की खर्च दुप्पट होणार, तर थांबावं का? "एवढे ओतले, आता मागे कसं फिरायचं" हा युक्तिवाद मला पटत नाही, पण खड्डा तसाच सोडणंही पटत नाही.

मेधा

झालेला खर्च विसरायचा. इथून पुढे किती लागणार आणि त्यातून काय मिळणार, एवढंच बघायचं. गंमत म्हणजे असा हिशेब केला तर अर्धवट मार्ग बहुतेक वेळा पूर्ण करावासाच वाटतो, कारण निम्मा खर्च आधीच बुडालेला असतो. हे माहीत असल्यामुळेच काही लोक काम लवकर सुरू करण्याची घाई करतात.

बोगदेकर

टोरांटोतच एग्लिंटन पश्चिम मार्गाचं काम १९९४ मध्ये सुरू झालं, सरकार बदललं, १९९५ मध्ये रद्द झालं आणि खणलेला खड्डा बुजवला. २०११ मध्ये त्याच रस्त्याखाली दुसऱ्या रेल्वेचं काम सुरू केलं. उलट न्यू यॉर्कने १९७० च्या दशकातले बोगद्यांचे तुकडे बुजवले नाहीत. त्यातला एक तुकडा २०१७ च्या टप्प्यात कामी आला, दुसरा पुढच्या टप्प्यात वापरायचा आहे.

थांबायचंच तर यंत्र जमिनीखाली जाण्याआधी थांबा. जलवाहिन्या सरकवण्याचं काम चालू असतं, तेव्हाच खर्चाचा अंदाज पहिल्यांदा खरा व्हायला लागतो, आणि तोवर ओतलेला पैसा एकूण खर्चाचा छोटा भाग असतो. तिथे एक सक्तीचा थांबा ठेवा: नवा अंदाज, नवे प्रवासी, रेकसकट, आणि पुन्हा मतदान. माद्रिदवाल्यांना त्याची गरज पडली नसती, बाकीच्यांना पडेल.

शेवटचा_डबा

"रेकसकट" लिहिलंत, बरं वाटलं. त्यात डेपोही धरा.